विश्लेषण : उसाच्या मळीपासून रम कशी तयार होते? दिवाळखोर दुकानदार फाकुंदो बकार्डी यांनी त्यात नेमके काय बदलले?

हदगाव : दिवाळी उरकली की इसापूर धरणाच्या कालव्यावरच्या हदगाव, कळमनुरी, अर्धापूर पट्ट्यात उसाने भरलेले ट्रॅक्टर रस्त्यावर दिसू लागतात. गावागावांत चर्चा असते ती तोडणीच्या टोळीची, साखर उताऱ्याची आणि पहिल्या उचलीची. कारखान्यातून टँकरने बाहेर पडणाऱ्या काळ्या, घट्ट मळीची चर्चा मात्र क्वचितच होते. इंधनातले इथेनॉल, औद्योगिक अल्कोहोल आणि रम या तिन्ही गोष्टी या मळीपासून तयार होतात.

मळीपासून दारू गाळण्याची पद्धत शेकडो वर्षे जुनी आहे. पण बंदरातल्या खलाशांची, मळ्यातल्या मजुरांची म्हणून हिणवल्या गेलेल्या या दारूला ज्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांत फाकुंदो बकार्डी यांचे नाव सर्वांत वर आहे. आज हे आडनाव जगभर बाटलीवर छापले जाते. १८५५ मध्ये मात्र हा माणूस दिवाळखोर झाला होता. त्याच्या नावावर ना उसाचा मळा होता, ना साखर कारखाना. मग त्याने हे कसे केले? रम म्हणजे नेमके काय, तिचे प्रकार कोणते आणि ऊस पिकवणाऱ्याने हे का समजून घ्यावे?

मळी म्हणजे नेमके काय?

उसाचा रस तापवून, गाळून, आटवून साखरेचे खडे काढले जातात. ते वेगळे केल्यावर जे दाट, काळपट पाक उरते ती मळी. तिच्यात साखरेचा अंश असतो, पण त्याचे खडे काढणे परवडत नाही. गूळ करताना मिळणारी काकवी आणि मळी यांत अनेकांची गल्लत होते. काकवीत रसातली सगळी साखर असते, मळीतली बरीचशी साखर आधीच काढून घेतलेली असते.

ढोबळ हिशेब असा : १ टन उसापासून साधारण १०० किलो साखर आणि ४० ते ४५ किलो मळी मिळते. साखर पूर्ण काढून घेतलेल्या १ टन मळीपासून २२० ते २५० लिटर अल्कोहोल तयार होते. म्हणजे १ टन उसाच्या मळीतून जवळपास १० लिटर अल्कोहोल. पाणी मिसळून त्याची तीव्रता भारतातील रमप्रमाणे ४२.८ टक्क्यांवर आणली, तर ७५० मिलिलीटरच्या ३० च्या आसपास बाटल्या भरतात.

रमचे मूळ भारतात की वेस्ट इंडिजमध्ये?

उसाच्या गोडीपासून दारू बनवणे भारताला नवे नाही. गुळापासून बनवलेल्या दारूला आपल्याकडे गौडी म्हणत, आणि मनुस्मृतीत सुरेचे जे तीन प्रकार दिले आहेत, त्यांत गौडीचा समावेश आहे. रसापासून साखरेचे खडे करण्याची विद्याही भारतातूनच पश्चिमेकडे गेली. शर्करा हा शब्द अरबी, फारसी वाटेने युरोपातल्या भाषांत पोहोचला.

रम या नावाचे पेय मात्र कॅरिबियन बेटांवर जन्मले. कोलंबसने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ऊस तिकडे नेला. १७ व्या शतकात बार्बाडोस बेटावर इंग्रजांचे उसाचे मळे उभे राहिले आणि साखरेसोबत मळीचे ढीग साचू लागले. ती जनावरांना घालून, फेकून उरत होती. मग कुणीतरी ती पाणी घालून आंबवली आणि गाळली. ही पहिली रम उग्र होती आणि मुख्यतः मळ्यातले लोक ती पीत.

पुढे तिला मोठा ग्राहक मिळाला तो ब्रिटिश आरमार. १७३१ च्या नियमांत खलाशांच्या रोजच्या शिध्यात रमला जागा मिळाली. नुसती रम पिऊन जहाजावर गोंधळ होऊ लागल्याने अॅडमिरल एडवर्ड व्हर्नन यांनी १७४० मध्ये ती पाणी मिसळून देण्याचा हुकूम काढला. हा शिधा बंद झाला तो थेट ३१ जुलै १९७० रोजी.

फाकुंदो बकार्डी कोण होते?

फाकुंदो बकार्डी मासो यांचा जन्म १८१४ मध्ये स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील सिटजेस या समुद्रकाठच्या गावी झाला. हा द्राक्षांचा आणि वाइनचा मुलूख. पण हाताला पुरेसे काम नव्हते. आपल्याकडची पोरे पुण्या-मुंबईला जातात, तशी तिकडची तरुण मंडळी तेव्हा स्पेनच्या ताब्यातील क्युबाला जात. थोरले भाऊ आधीच तिकडे गेले होते. १८३० मध्ये फाकुंदोही त्यांच्या मागोमाग क्युबाच्या पूर्व टोकावरच्या सॅन्तियागो शहरात पोहोचले. तेव्हा ते पंधरा-सोळा वर्षांचे होते.

सुरुवातीची वर्षे दुकानदारीत गेली. १८४३ मध्ये त्यांचे लग्न अमालिया मोरो यांच्याशी झाले. अमालिया यांचे घराणे फ्रेंच वंशाचे. शेजारच्या हैती बेटावरच्या गुलामांच्या उठावानंतर अनेक फ्रेंच कुटुंबे सॅन्तियागोला आली होती, त्यांपैकीच हे एक. या फ्रेंच कुटुंबांनी शहरात कॉफीचे मळे आणि खाण्यापिण्याच्या नव्या आवडी आणल्या होत्या. दुकानदार फाकुंदो यांच्या ग्राहकांत असे लोक होते, ज्यांना युरोपातली ब्रँडी आणि वाइन हवी असे. गावात मिळणारी रम ते तोंडाला लावत नसत.

१८४४ मध्ये फाकुंदो यांनी स्वतःचे दुकान काढले. त्याच वर्षी थोरला मुलगा एमिलिओ जन्मला. पुढची काही वर्षे धंदा आणि संसार दोन्ही वाढत गेले.

भूकंप, कॉलरा आणि दिवाळे

२० ऑगस्ट १८५२ रोजी सॅन्तियागोला मोठा भूकंप झाला. घरे, चर्च, सरकारी इमारती पडल्या. लोक अजून उघड्यावर असतानाच शहरात कॉलरा पसरला. त्या काळी कॉलरा पाण्यातून पसरतो हे सर्वमान्य नव्हते आणि उपाय जवळपास नव्हताच. बकार्डी दांपत्याची दोन लहान मुले या साथीत गेली.

उरलेल्या कुटुंबाला घेऊन फाकुंदो काही काळ स्पेनला गेले. परतल्यावर दुकानाची घडी बसली नाही. १८५५ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. चाळिशी ओलांडलेला, मुले गमावलेला, कर्जात बुडालेला हा दुकानदार पुन्हा उभा राहील असे कुणाला वाटावे, अशी परिस्थिती नव्हती.

याच सुमारास त्यांचे लक्ष मळीकडे गेले. क्युबा तेव्हा जगातील सर्वांत मोठ्या साखर उत्पादकांपैकी एक होते. साखर वाढली तशी मळीही वाढली. ती स्वस्तात मिळे आणि तिचा बराच भाग पिंपांत भरून अमेरिकेला जाई. तिथले कारखानदार तिच्यापासून रम गाळत. कच्चा माल क्युबाचा आणि पक्क्या मालाचा नफा दुसऱ्याचा, असा हा व्यवहार होता. स्पेनच्या राजवटीने आपल्या देशातील ब्रँडीला स्पर्धा नको म्हणून वसाहतींत दारू गाळण्यावर दीर्घकाळ बंधने घातली होती. त्यामुळे क्युबात चांगली रम बनवण्याची परंपरा रुजलेली नव्हती.

१८६२ मध्ये काय घडले?

फाकुंदो यांच्या जोडीला होसे लिऑन बूतेयिए हा फ्रेंच वंशाचा, दारू गाळण्याचा अनुभव असलेला भागीदार आला. भाऊ होसे यांनी भांडवलाला हात दिला. ४ फेब्रुवारी १८६२ रोजी त्यांनी सॅन्तियागोतील जॉन नुनेस या इंग्रजाची छोटी गाळण भट्टी ३,५०० पेसोंना विकत घेतली. पत्र्याचे छप्पर, तांब्या-लोखंडाचे भांडे, आंबवण्याच्या टाक्या आणि काही पिंपे, एवढाच काय तो पसारा.

या शेडच्या आढ्याला वटवाघळे लटकत. अमालिया यांनी ती पाहून वटवाघूळच कंपनीचे चिन्ह असावे असे सुचवले, अशी आठवण बकार्डी घराण्यात सांगितली जाते. त्यात व्यवहाराची बाजूही होती. ज्या ग्राहकांना वाचता येत नसे, त्यांना चित्रावरून बाटली ओळखता येई. आपल्याकडे बिडी, काडेपेटी, चहापुडा यांवर वाघ, हत्ती, घोडा आला तो याच कारणाने. फाकुंदो यांनी लेबलवर स्वतःची सहीही टाकायला सुरुवात केली. माल खराब निघाला तर नाव कुणाचे जाईल, हे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते.

रम तयार होते तरी कशी?

फाकुंदो यांचे वेगळेपण कळायला प्रक्रियेचे टप्पे समजून घ्यावे लागतात. ते मुख्यतः चार आहेत.

पहिला टप्पा आंबवण्याचा. मळी फार घट्ट असल्याने तिच्यात पाणी घालून ती पातळ केली जाते आणि यीस्ट टाकले जाते. यीस्ट हा सूक्ष्मजीव साखर खातो आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. साधारण ३० अंश सेल्सिअसला हे काम जोरात चालते. एक ते दोन दिवसांत टाकीतल्या द्रावणात ६ ते १० टक्के अल्कोहोल तयार होते. आंबवणे जितके लांबते, तितका दुसऱ्या जिवाणूंना वाव मिळतो आणि वास उग्र होत जातो.

दुसरा टप्पा गाळण्याचा, म्हणजे ऊर्ध्वपातनाचा. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळते, पाणी १०० अंशांना. त्यामुळे द्रावण तापवले की वाफेत अल्कोहोलचे प्रमाण जास्त असते. ती वाफ थंड केली की तीव्र दारू हाती येते. त्यासाठी दोन प्रकारची यंत्रे असतात. जुने, एकेक घाण काढणारे तांब्याचे भांडे वास आणि चव जास्त राखते. एनीअस कॉफी यांनी १८३० मध्ये पेटंट घेतलेला उंच मनोरा अखंड चालतो आणि ९५ टक्क्यांपर्यंत शुद्ध, जवळपास वासहीन अल्कोहोल देऊ शकतो.

तिसरा टप्पा मुरवण्याचा. ओक लाकडाच्या पिंपात दारू काही महिने ते अनेक वर्षे ठेवली जाते. लाकडातून रंग, व्हॅनिलासारखा गंध आणि तुरटपणा उतरतो. उष्ण हवेत हे लवकर होते, पण बाष्पीभवनही जास्त. थंड स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के माल उडून जातो, उष्ण कटिबंधात हे प्रमाण ६ टक्के किंवा त्याहून अधिक असते. ६ टक्के धरले तरी ७ वर्षांत पिंपातला एक तृतीयांशाहून अधिक माल हवेत जातो. नांदेडच्या मे महिन्यातला पारा आठवला की याचा अंदाज येईल.

चौथा टप्पा मिश्रणाचा. वेगवेगळ्या पिंपांतला माल एकत्र करून दर वेळी तीच चव आणायची आणि पाणी घालून ठरलेल्या तीव्रतेवर आणायची.

फाकुंदो यांनी यात काय बदलले?

त्यांनी एखादे नवे यंत्र शोधले नाही. चारही टप्प्यांवर शिस्त आणली.

आंबवण्यासाठी लवकर काम करणारे ठरावीक यीस्ट वापरण्यावर त्यांनी भर दिला, असे घराण्याचा इतिहास सांगतो. त्या काळात लुई पाश्चर यांचे किण्वनावरचे संशोधन नुकतेच प्रसिद्ध होत होते आणि अनेक भट्ट्यांत हवेतून जे पडेल त्यावर आंबवणे चाले. यीस्ट ठरलेले असेल आणि वेळ कमी असेल तर उग्र वास कमी होतो आणि प्रत्येक घाण सारखी निघते. गाळलेली दारू कोळशातून झिरपवून तिच्यातला खरखरीतपणा कमी करणे आणि पांढऱ्या ओकच्या पिंपात ती मुरवणे हे पुढचे टप्पे. यांतली एकेक क्रिया आधी कुणी ना कुणी केलेली होती. त्या सगळ्या एका साखळीत बसवून दर बाटलीला तोच निकाल मिळवणे, हे फाकुंदो यांचे काम.

निकाल असा की रम फिकी, हलकी आणि घशाला न टोचणारी झाली. जे लोक फ्रेंच ब्रँडीखेरीज काही घेत नसत, त्यांच्या टेबलावर ती पोहोचली. १८७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील जागतिक प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले. ज्या अमेरिकेला क्युबा कच्ची मळी विकत होते, तिथेच क्युबाचा पक्का माल गौरवला गेला.

त्याआधी १८७४ मध्ये फाकुंदो यांनी मुलांना सोबत घेऊन कंपनीची नव्याने मांडणी केली होती. थोरला एमिलिओ कारभार पाहू लागला, फाकुंदो हे वडिलांचेच नाव असलेला धाकटा भट्टी आणि मिश्रण. १८७७ मध्ये त्यांनी सूत्रे मुलांच्या हाती दिली.

या गोडीची किंमत कोणी मोजली?

बकार्डींची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते. तिचा दुसरा अर्धा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. क्युबातील ऊस गुलाम माणसे तोडत होती. फाकुंदो यांनी भट्टी घेतली त्या सुमारास क्युबात सुमारे ३ लाख ७० हजार गुलाम होते, म्हणजे लोकसंख्येचा चौथा हिस्सा. आफ्रिकेतून पळवून आणलेली माणसे आणि त्यांची मुले चाबकाच्या धाकाने हंगामात दिवसरात्र राबत. मळी स्वस्त होती याचे एक कारण ती पिकवणाऱ्याची मजुरीच दिली जात नव्हती, हे होते.

१० ऑक्टोबर १८६८ रोजी कार्लोस मान्युएल दे सेस्पेदेस या मळेवाल्याने आपले गुलाम मुक्त करून स्पेनविरुद्ध बंड पुकारले. दहा वर्षे चाललेल्या या युद्धाने बकार्डींच्या घरातही रेघ ओढली. फाकुंदो स्पेनमध्ये जन्मलेले, त्यांनी राजकारणापासून अंतर राखले. क्युबात जन्मलेला एमिलिओ मात्र स्वातंत्र्याच्या बाजूने उभा राहिला. १८७९ मध्ये स्पेनच्या सरकारने त्याला अटक करून आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील चाफारिनास बेटांवर धाडले. काही वर्षांनी तो परतला, तेव्हा वडील थकले होते.

फाकुंदो बकार्डी यांचे निधन मे १८८६ मध्ये सॅन्तियागोत झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्युबातील गुलामगिरी कायद्याने संपली. एमिलिओ पुढे स्वतंत्र होऊ घातलेल्या सॅन्तियागोचे महापौर आणि नंतर सिनेटर झाले. शहरात त्यांच्या नावाचे संग्रहालय आजही आहे.

जगात रमचे प्रकार किती?

रमला व्हिस्कीसारखा एकच कडक जागतिक नियम नाही. देश बदलला की पद्धत बदलते. तरी तीन मोठी घराणी सांगता येतात, आणि ती साधारणपणे तिथे राज्य करणाऱ्यांच्या भाषेवरून ओळखली जातात.

स्पॅनिश वळणाची रम क्युबा, पोर्तो रिको, डोमिनिकन रिपब्लिक या देशांत बनते. ती हलकी, फिकी आणि मुख्यतः मनोऱ्यात गाळलेली असते. फाकुंदो यांनी घालून दिलेली वाट ती हीच.

इंग्रजी वळणाची रम जमैका, बार्बाडोस, गयाना येथे बनते. ती जड आणि वासाला दणकट. जमैकात काही भट्ट्या मळी आठवडा, दोन आठवडे आंबवतात आणि आधीच्या घाणीचे उरलेले पाणी नव्या घाणीत टाकतात. त्यातून एस्टर नावाची रसायने तयार होतात आणि रमला अर्धापूरच्या वखारीतल्या अतिपिकल्या केळ्यांसारखा वास येतो. हा योगायोग नाही, पिकल्या केळ्याच्या वासामागेही एस्टरच असतात. बार्बाडोसमधील माउंट गे या भट्टीची कागदपत्रे १७०३ पर्यंत मागे जातात. गयानात लाकडी भांड्यांतून गाळण्याची जुनी पद्धत अजून टिकून आहे.

फ्रेंच वळणाची रम मार्टिनिक आणि ग्वादलूप बेटांवर बनते. तिथे मळीऐवजी उसाचा ताजा रस थेट आंबवतात. युरोपात बीटपासून साखर निघू लागल्यावर बेटांवरच्या साखरेचे भाव पडले आणि उभ्या उसाचे काय करायचे, या प्रश्नातून ही पद्धत वाढली. रसवंतीवर येणारा हिरवट वास या रममध्ये राहतो. मार्टिनिकच्या या रमला १९९६ पासून भौगोलिक ओळखीचे फ्रेंच कायद्याचे संरक्षण आहे. ब्राझीलची काशासा ही सुद्धा ताज्या रसाचीच, पण ती स्वतःला रमपासून वेगळी मानते.

पांढरी, सोनेरी, काळी हा भेद प्रकाराचा वाटतो, पण तो बऱ्याचदा केवळ रंगाचा असतो. मुरवलेली रम कोळशातून गाळून पांढरी करता येते आणि ताज्या रममध्ये जळक्या साखरेचा रंग घालून ती काळी करता येते. रंगावरून वय किंवा दर्जा ठरवणे चुकीचे ठरते.

भारतातली रम कुठे बसते?

भारतात रम म्हटले की गडद, गोडसर आणि लष्कराच्या कॅन्टीनशी जोडलेले पेय डोळ्यासमोर येते. एडवर्ड डायर यांनी १८५५ च्या सुमारास हिमाचलातील कसौलीला भट्टी सुरू केली, म्हणजे तिकडे फाकुंदो यांचे दिवाळे निघाले त्याच सुमारास. जालियनवाला बागेत गोळीबार करणारा जनरल डायर हा त्यांचा मुलगा. स्वातंत्र्यानंतर ही कंपनी मोहन कुटुंबाकडे आली आणि १९५४ मध्ये ओल्ड मंक बाजारात आली.

महाराष्ट्रात श्रीरामपूरजवळ टिळकनगर येथे महादेव डहाणूकर यांनी १९३३ मध्ये महाराष्ट्र शुगर मिल्स काढली. साखरेपासून सुरू झालेली ही कंपनी पुढे मद्यनिर्मितीत गेली आणि आज टिळकनगर इंडस्ट्रीज म्हणून ओळखली जाते. गंमत अशी की भारतात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त बाटल्यांतही मळीपासून काढलेले अल्कोहोल असते. युरोपीय संघात अशा पेयाला व्हिस्की म्हणता येत नाही, कारण व्हिस्की धान्याचीच हवी.

घरी किंवा हातभट्टीवर गाळणे धोक्याचे का?

प्रक्रिया सोपी वाटते, पण परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू असून मद्यविक्री आणि सेवन परवान्यांच्या चौकटीत चालते. रमसारख्या कडक मद्यासाठी वयोमर्यादा २५ वर्षे आहे. कायद्यापेक्षा मोठा धोका मिथेनॉलचा. नशा वाढवण्यासाठी किंवा माल स्वस्त पडावा म्हणून औद्योगिक मिथेनॉल मिसळले जाते. थोड्या प्रमाणातही त्याने डोळे जातात, पुढे जीव जातो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा दारूने १०० हून अधिक माणसे दगावली. वास किंवा चवीवरून मिथेनॉल ओळखता येत नाही. आणि परवानाधारक बाटलीतली रम म्हणजे निर्धोक, असेही नाही. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे.

धोका गाळणीच्या मागच्या बाजूलाही आहे. १ लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर काळसर सांडपाणी, म्हणजे स्पेंटवॉश उरतो. तो ओढ्यात किंवा शेतात सुटला तर विहिरींचे पाणी बिघडते. म्हणून डिस्टिलरीने ते आटवून, जाळून किंवा त्यापासून खत करून आवारातच संपवणे बंधनकारक आहे.

फाकुंदो यांच्यानंतर काय झाले?

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात तहानलेले अमेरिकी पर्यटक क्युबाला येऊ लागले आणि बकार्डीचे नाव जगभर पोहोचले. १९३० च्या दशकात कंपनीने क्युबाबाहेरही कारखाने काढले. ऑक्टोबर १९६० मध्ये फिडेल कॅस्ट्रो यांच्या सरकारने क्युबातील मालमत्ता ताब्यात घेतली, तेव्हा हेच बाहेरचे कारखाने कुटुंबाच्या कामी आले. इमारती, भांडी, पिंपे सॅन्तियागोत राहिली. नाव, यीस्ट आणि कृती कुटुंबासोबत गेली. आज ही कंपनी बर्म्युडातून चालते. मळी क्युबाची होती, पण तिच्यापासून उभी राहिलेली किंमत क्युबात थांबली नाही.

हदगावच्या ऊस उत्पादकाने यातून काय पाहावे?

फाकुंदो यांच्या आयुष्यातला कळीचा आकडा पदकांचा नाही. साखर कारखान्याने जी वस्तू ओझे मानली, तीच त्यांनी कच्चा माल मानली. किंमत उसात कमी आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर जास्त वाढत गेली. महाराष्ट्रात हा प्रश्न आजही जिवंत आहे.

राज्याच्या २०१३ च्या ऊस दर कायद्यानुसार शेतकऱ्याचा वाटा साखरेच्या उत्पन्नाच्या ७५ टक्के, किंवा साखर आणि मळी, बगॅस, प्रेसमड या प्राथमिक उपपदार्थांच्या एकत्रित उत्पन्नाच्या ७० टक्के असा काढला जातो. केंद्राने ठरवलेली एफआरपी ही किमान पातळी. या सूत्रात मळी मोजली जाते ती मळी म्हणून. तिचे पुढे अल्कोहोल, इथेनॉल किंवा रम झाली, तर त्या टप्प्यावर वाढलेल्या किमतीत ऊस पिकवणाऱ्याचा वाटा किती, यावर शेतकरी संघटना आणि कारखानदारांत वाद आहे. डिस्टिलरीचा खर्च, व्याज, प्रदूषण रोखण्याची यंत्रणा हा कारखान्यांचा मुद्दा. ऊस आमचा, मग नफ्यातला वाटाही हवा, हा शेतकऱ्यांचा.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणामुळे मळीला आता पूर्वीपेक्षा जास्त मागणी आहे. त्यामुळे हंगाम संपल्यावर कारखान्याच्या वार्षिक सभेत अहवाल हातात आला, की साखर उताऱ्याच्या आकड्यासोबत आणखी तीन आकडे पाहायला हरकत नाही : मळी किती टन निघाली, ती कोणत्या दराने हिशेबात धरली आणि पुढे कुणाला गेली.